थ्री नॉट थ्री रायफल

थ्री नॉट थ्री रायफल (.३०३ रायफल, मूळ नाव ली-एनफिल्ड) ही ब्रिटिश बनावटीची, हाताने बोल्ट मागेपुढे करून चालवावयाची लष्करी रायफल आहे. नळीच्या आतील व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर असल्यामुळे तिला हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती ब्रिटिश साम्राज्याच्या सर्व सैन्यांचे प्रमुख शस्त्र होती. भारतीय सैन्याने नवी शस्त्रे स्वीकारल्यानंतर ती पोलीस दले, गृहरक्षक दल आणि राष्ट्रीय छात्र सेना यांच्याकडे राहिली. महाराष्ट्रात पोलीस शिपायाच्या खांद्यावरील बंदूक म्हणजे 'थ्री नॉट थ्री' असे समीकरण अनेक दशके रूढ होते. सैन्याकडून मिळालेले स्वस्त, टणक व अचूक शस्त्र म्हणून तिची उपयुक्तता मोठी होती. तथापि बदललेल्या परिस्थितीत तिच्या मर्यादा किती गंभीर ठरू शकतात, हे २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात दिसून आले.

नाव आणि उगम

रायफलीच्या मूळ नावातील 'ली' हे बोल्ट व मॅगझिनचे रचनाकार जेम्स पॅरिस ली यांचे आडनाव असून 'एनफिल्ड' हे लंडनजवळील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्याचे ठिकाण होय. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने ली-मेटफर्ड ही रायफल स्वीकारली. तिची काडतुसे आरंभी काळ्या दारूची होती. पुढे कॉर्डाइट या धूररहित दारूचा वापर सुरू झाला आणि तिच्या उष्णतेमुळे मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे लवकर झिजू लागले. त्यामुळे एनफिल्ड येथे तयार झालेली खोल आट्यांची नळी बसविण्यात आली व १८९५ मध्ये ली-एनफिल्ड अस्तित्वात आली.

१९०७ मध्ये आलेली आखूड नळीची 'मार्क ३' ही आवृत्ती भारतात सर्वाधिक प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात 'क्रमांक ४' ही सुधारित आवृत्ती वापरात आली. सर्व आवृत्त्या मिळून सुमारे १ कोटी ७० लाख रायफली तयार झाल्याचा अंदाज दिला जातो. एवढ्या प्रचंड उत्पादनामुळेच महायुद्धानंतर ती जगभर स्वस्तात उपलब्ध झाली.

रचना

मार्क ३ रायफलीची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर, नळीची लांबी ६४ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४ किलोग्रॅम असते. मॅगझिनमध्ये १० काडतुसे मावतात. पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून दाबून ते भरता येते. १९०७ च्या नमुन्याच्या संगिनीचे पाते सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते.

प्रत्येक गोळीनंतर नेमबाजाला बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढावी लागते. त्यामुळे रिकामी पुंगळी बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस नळीच्या मुखाशी जाते आणि त्याच हालचालीत आघातसुईची स्प्रिंग ताणली जाते. मूठ खाली केल्यावर बोल्ट बंद होतो व रायफल झाडण्यास सज्ज होते. बोल्ट रोखून धरणारे उंचवटे त्याच्या मागील भागात असतात, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे. जर्मन माउझर रायफलीत ते पुढील बाजूस असतात. ली-एनफिल्डचे अनेक गुण आणि काही दोष या एका फरकातून निर्माण झाले आहेत.

भारतातील उत्पादन

पश्चिम बंगालमधील इशापूर येथील रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ही रायफल तयार होऊ लागली. दमट हवेत लाकडी भाग फुगतो व चिरतो, म्हणून इशापूरच्या रायफलींच्या पुढील लाकडात एक आडवा स्क्रू बसविलेला आढळतो. तिच्या काडतुसांच्या उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात ती तयार होत आणि त्यांच्या बुडावर कारखान्याची आद्याक्षरे उमटविलेली असत.

कारागृहांचे पहारेकरी व पोलीस यांच्यासाठी काही .३०३ रायफलींच्या नळीतील आटे काढून त्यांचे .४१० बोअरच्या मस्केटमध्ये रूपांतर करण्यात आले. या मस्केटचा पल्ला कमी असल्यामुळे जमाव पांगविण्यासाठी ती अधिक योग्य मानली जाई.

१९६२ च्या भारत-चीन युद्धात भारतीय पायदळाचे प्रमुख शस्त्र .३०३ रायफल हेच होते. चिनी सैनिकांकडे मात्र अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रे होती. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत सैन्याच्या शस्त्रसज्जतेला वेग आला. ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल, म्हणजे एसएलआर, इशापूर येथे तयार होऊ लागली. ती पुरेशा संख्येने मिळेपर्यंतची तरतूद म्हणून ली-एनफिल्डच्याच धर्तीवर, परंतु अधिक मजबूत पोलादाची आणि ७.६२ मिलिमीटर काडतुसे वापरणारी '२ए' व '२ए१' ही रायफल बनविण्यात आली. तिच्या मॅगझिनमध्ये १२ काडतुसे मावतात.

नाशिक परिसरातील वापर

नाशिकजवळील देवळाली हे ब्रिटिश काळातील मोठे लष्करी ठाणे होते. मुंबई बंदरात उतरणारे आणि मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक येथील तळावर थांबत असत. ही रायफल त्यांच्या नित्याच्या वापरातील होती. भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय देवळालीस आहे.

नाशिक शहरात त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयातून विकसित झालेल्या या संस्थेत राज्यातील पोलीस उपनिरीक्षक व वरिष्ठ अधिकारी प्रशिक्षण घेतात. कवायत, शस्त्रांची देखभाल आणि नेमबाजी हे पोलीस प्रशिक्षणाचे पारंपरिक घटक होत. राज्यातील पोलिसांच्या अनेक पिढ्यांनी त्यांचे प्राथमिक धडे.३०३ रायफलीवर गिरविले. राष्ट्रीय छात्र सेनेच्या महाविद्यालयीन छात्रांनाही कवायतीसाठी हीच रायफल मिळत असे. कवायतीच्या बऱ्याच रायफली गोळीबारास अयोग्य ठरविलेल्या असतात व तशी खूण त्यांच्यावर केलेली असते. अशा रायफलीतून गोळी झाडणे धोक्याचे असते.

गुण

विश्वासार्हता : यंत्रणा साधी आणि भागांमधील जागा सैल असल्यामुळे धूळ, चिखल व पाऊस यांतही ही रायफल सहसा अडत नाही. कॅनडाच्या अतिथंड उत्तर भागातील कॅनेडियन रेंजर्स या दलाने याच कारणासाठी एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ती वापरली.

वेग : हाताने चालविण्याच्या रायफलींमध्ये ली-एनफिल्डचा वेग सर्वांत अधिक समजला जातो. बोल्टची मूठ सुमारे ६० अंशच उचलावी लागते आणि बोल्टचा प्रवासही आखूड असतो. त्यामुळे दस्ता खांद्यावरून न हलविता पुढील गोळी झाडता येते. माउझरच्या ५ काडतुसांच्या तुलनेत १० काडतुसांचे मॅगझिन हाही मोठा लाभ होता. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश सैनिकाकडून मिनिटाला किमान १५ नेमक्या गोळ्यांची अपेक्षा केली जाई.

अचूकता आणि शक्ती : मार्क ७ काडतुसाची सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तिची ऊर्जा सुमारे ३,१०० जूल असते. एके-४७ च्या गोळीची ऊर्जा सुमारे २,००० जूल असते. सरावलेला नेमबाज ४०० ते ५०० मीटरवरील लक्ष्य भेदू शकतो.

काटकसर : रायफल आधीच तयार असल्यामुळे राज्यांच्या पोलीस दलांना नव्या खरेदीचा खर्च करावा लागला नाही. एकेक गोळी हाताने भरावी लागत असल्याने काडतुसांची उधळण होत नाही आणि झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवणे सोपे जाते. पोलिसांच्या गोळीबाराची पुढे चौकशी होते, हे लक्षात घेता या गोष्टीला महत्त्व होते.

दोष

काडतुसाची कड : .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, तर ती एकमेकांत अडकतात आणि बोल्ट पुढे सरकत नाही. काळजीपूर्वक भरणे हाच यावर उपाय आहे. घाईच्या वेळी नेमके तेच कठीण असते.

मागील बाजूची पकड : बोल्ट मागे रोखला जात असल्यामुळे गोळी झाडताना तो किंचित दबतो व त्याच्या भोवतालचा सांगाडा ताणला जातो. झिजलेल्या रायफलीत पुंगळी लांबून तिचे बूड तुटण्याची शक्यता असते. बोल्ट प्रत्येक रायफलीसाठी स्वतंत्रपणे बसविलेला असतो, म्हणून बोल्टवरील व रायफलीवरील क्रमांक जुळणे आवश्यक असते. शस्त्रागारात साफसफाई करताना बोल्टची अदलाबदल झाल्यास चांगली रायफलही धोकादायक ठरू शकते.

नळीचा गंज : जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार साचतात आणि दमट हवेत आटे लवकर गंजतात. गोळीबारानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावण्याची पद्धत त्यामुळेच पडली. देखभाल चुकलेली रायफल बाहेरून चकचकीत दिसली, तरी तिची अचूकता नष्ट झालेली असते.

दारूगोळ्याचे वय : सैन्याने नवे बोअर स्वीकारल्यावर .३०३ काडतुसांची मागणी घटली. साठा जुना झाला की काडतूस न उडणे अथवा चाप ओढल्यानंतर क्षणभराने उडणे असे प्रकार घडतात. काडतुसे जपून वापरावी लागली की सर्वप्रथम कात्री सरावाला लागते.

बंदिस्त जागेतील अडचण : लांब नळी, ४ किलोग्रॅम वजन आणि खांद्याला बसणारा जोराचा धक्का यांमुळे जिना, गल्ली किंवा रेल्वे फलाट अशा ठिकाणी ती हाताळणे अवघड जाते. तिची गोळी एका माणसातून आरपार जाऊन मागच्या माणसालाही लागू शकते. गर्दीत तिचा वापर करताना पोलिसाला शत्रूबरोबर नागरिकांचाही विचार करावा लागतो.

२००८ चा मुंबई हल्ला

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी एके प्रकारच्या स्वयंचलित रायफली व हातबाँब यांनी हल्ला केला. त्यात ५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. स्थानकावरील पोलिसांकडे लाठ्या, काही छोटी शस्त्रे व .३०३ रायफली होत्या. पोलीस निरीक्षक शशांक शिंदे यांना प्रतिकार करताना वीरमरण आले. रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांनी रायफलीतून गोळी झाडून हल्लेखोरांना तोंड दिले.

या घटनेनंतर पोलिसांच्या जुन्या शस्त्रांविषयी राज्यभर तीव्र चर्चा झाली. एका बाजूला ३० गोळ्यांचे मॅगझिन सलग रिकामे करणारी रायफल आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक गोळीसाठी बोल्ट ओढावा लागणारी रायफल, अशी ही विषम लढत होती. तथापि दोष केवळ रायफलीचा नव्हता. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रांबरोबरच दारूगोळा आणि गोळीबाराचा सराव यांतील उणिवांकडेही लक्ष वेधले. २००९ मध्ये महाराष्ट्राने 'फोर्स वन' हे विशेष दल उभारले आणि पोलिसांना एसएलआर, इन्सास व एके रायफली अधिक प्रमाणात देण्यात आल्या.

कायदेशीर स्थिती

अमेरिका व कॅनडा येथे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या .३०३ रायफली शिकारी व नेमबाज यांना स्वस्तात विकल्या गेल्या. पुढे इशापूरची २ए१ रायफलही अमेरिकी बाजारात पोहोचली. भारतात मात्र .३०३ हे निषिद्ध बोअर असल्यामुळे सर्वसाधारण नागरिकाला अशी रायफल परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे इशापूर येथे ली-एनफिल्डचीच यंत्रणा वापरून .३१५ बोअरची नागरी रायफल तयार करण्यात आली. ती शेतरक्षण व स्वसंरक्षण यांसाठी परवानाधारकांना मिळते.

.३०३, .३१५ व ७.६२ मिलिमीटर या तिन्ही बोअरच्या रायफली दिसण्यात सारख्या असल्या, तरी त्यांची काडतुसे एकमेकांत वापरता येत नाहीत. २ए१ रायफल तिच्या चौकोनी मॅगझिनवरून ओळखता येते; .३०३ चे मॅगझिन तळाशी तिरपे असते.

मूल्यमापन आणि सद्यस्थिती

केंद्र सरकारची पोलीस दल आधुनिकीकरण योजना १९६९ पासून चालू असली, तरी .३०३ रायफल पोलीस दलांतून हळूहळूच मागे पडली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. महाराष्ट्रात गडचिरोलीतील चकमकींनंतर नक्षलवाद्यांकडून जप्त झालेल्या शस्त्रांतही ती वारंवार आढळली. शस्त्र जुने असले तरी निरुपद्रवी होत नाही, याचे हे उदाहरण आहे.

मोकळ्या मैदानात, दूरवरच्या लक्ष्यासाठी आणि नियमित सराव असलेल्या सैनिकासाठी ही रायफल घडविलेली होती. त्या कामात ती उत्कृष्ट ठरली. पोलिसांच्या हाती ती आली, तेव्हा काम बदलले होते. गर्दी, जवळचे अंतर आणि अपुरा सराव ही नवी परिस्थिती होती. रायफल जवळजवळ फुकट मिळाली, तरी ताजी काडतुसे, कुशल दुरुस्ती आणि सराव यांचा खर्च टळत नाही. तो टाळला गेला, तर त्याची किंमत रायफल हाती घेऊन पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाला आणि त्याच्या भरवशावर असलेल्या नागरिकाला मोजावी लागते.