वह्या नदीत सोडायच्या का?

शताब्दीच्या तयारीत आम्ही दिंडीच्या जुन्या वह्यांचे दप्तर सोडले. शिधा किती लागला, कुठल्या मुक्कामी पंगत कुणी दिली, बैल कुठे बसला, सगळे मोडीत. पानन्‌पान स्कॅन करून आम्ही ते इंटरनेटवरच्या एका ग्रंथालयात चढवले. तेव्हा बैठकीत सूचना आली, की आता या कसर लागलेल्या वह्या चंद्रभागेत सोडून द्याव्यात. ऑनलाइन गेले ते कायमचे राहिले. खरे सांगायचे तर आम्हीही माना डोलावल्या होत्या.

पुढे इंग्लंडची एक हकिकत वाचनात आली. तिकडच्या विल्यम राजाने १०८६ मध्ये जमीन, जनावरे, कुळे यांची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ लिहवून घेतले, तेही कातड्याच्या पानांवर. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवे डूम्सडे काढले. शाळेतल्या पोरांनी आपापल्या गावची माहिती लिहिली, फोटो काढले. सुमारे दहा लाख लोकांचा हात लागला आणि सगळे लेझरडिस्कवर भरले. पंधरा-सोळा वर्षांत ती तबकडी चालवणारी यंत्रेच मिळेनाशी झाली. राजाचे कातडे वाचता येत होते, पोरांचे गाव वाचता येईना! जाणकारांनी खटपट करून मजकूर सोडवला. २०११ मध्ये बीबीसीने गावांची माहिती संकेतस्थळावर ठेवली आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळही बंद केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रत ठेवली, म्हणून ते आज पाहता येते.

एवढे मोठे इंटरनेट आर्काइव्ह, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस दारच बंद. त्याआधी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यापायी सुमारे पाच लाख पुस्तके वाचायला देणे त्यांना थांबवावे लागले.

लांब कशाला जा? आपल्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरे बसवत, युनिकोड नव्हते. तो फॉन्ट नसला की खाली उरते ते असले. मोडी वाचणारे गृहस्थ तालुक्याला दोन दिवसांत भेटले, त्या फॉन्टला मात्र दोन महिने लागले. आणि चूक आमचीही आहे: स्कॅनला आम्ही नावे दिली ‘नवीन १’, ‘नवीन २’. त्यात दुष्काळी वर्षाची वही शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?

तर वह्या सोडल्या नाहीत. सुती फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत विणेकऱ्यांच्या घरी ठेवल्या आहेत. स्कॅनला वर्ष आणि मुक्काम घालून नावे दिली, ग्रंथालयाखेरीज तीन घरी तीन हार्डडिस्क ठेवल्या. दर आषाढीला प्रस्थानाआधी त्या लावून पाहायच्या असे ठरले. यंदा पहिल्यांदाच पाहिल्या. तिसरी उघडली नाही. दुसरीवरून नवी प्रत करून घेतली.