शापुरजी सकलातवाला

शापुरजी दोराबजी सकलातवाला (२८ मार्च, १८७४ - १६ जानेवारी, १९३६) हे मुंबईत जन्मलेले ब्रिटिश साम्यवादी नेते व संसदसदस्य होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात ते लंडनमधील नॉर्थ बॅटर्सी मतदारसंघातून दोनदा निवडून आले. दादाभाई नौरोजी व मंचरजी भावनगरी यांच्यानंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये पोहोचलेले ते तिसरे भारतीय होत.

पूर्वायुष्य

सकलातवाला यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या आई जेरबाई या उद्योगपती जमशेटजी टाटा यांच्या भगिनी होत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत त्यांनी मुंबईतील गरीब वस्त्यांत मदतकार्य केले. पुढे टाटांसाठी लोहखनिजाचा शोध घेण्याचे काम केल्यावर १९०५ साली ते इंग्लंडला गेले. तेथे १९०९ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षात व १९२१ मध्ये साम्यवादी पक्षात दाखल झाले.

संसदीय कार्य

१९२२ च्या निवडणुकीत साम्यवादी असूनही त्यांना मजूर पक्षाचा पाठिंबा होता. १९२३ मध्ये ते पराभूत झाले. मात्र १९२४ मध्ये साम्यवादी उमेदवार म्हणून ते पुन्हा विजयी झाले. त्या सभागृहात ते आपल्या पक्षाचे एकमेव सदस्य होते.

भारतातील कामगारांना मिळणारे तुटपुंजे वेतन हा केवळ भारताचा प्रश्न नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत मजुरी कमी राहिली, तर स्कॉटलंडमधील डंडी येथील ताग कामगारांचीही रोजी धोक्यात येते. म्हणून ब्रिटिश कामगारांनी साम्राज्यशाहीला विरोध करणे त्यांच्याच हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२२ च्या अखेरीस त्यांनी आयर्लंडविषयक विधेयकाला विरोध केला. एकाही भारतीय सदस्याचा समावेश नसलेल्या सायमन आयोगावरही त्यांनी १९२७ मध्ये संसदेत टीका केली.

१९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी हाइड पार्क येथील भाषणाबद्दल त्यांना दोन महिन्यांचा कारावास झाला.

भारतभेट

१९२७ च्या आरंभी ते भारतात आले. मुंबईसह अनेक शहरांत त्यांच्या सभा झाल्या. महात्मा गांधींना लिहिलेल्या अनावृत पत्रात त्यांनी चरख्याच्या कार्यक्रमावर टीका केली व गांधींनी कामगार आणि शेतकऱ्यांच्या संघटनेत लक्ष घालावे, असे आवाहन केले. गांधींनी त्यास 'यंग इंडिया'तून उत्तर दिले. या दौऱ्यानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना भारतात येण्यास मनाई केली. त्यामुळे ब्रिटिश संसदेचे विद्यमान सदस्य असूनही त्यांना स्वतःच्या जन्मभूमीत प्रवेश नव्हता. त्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये आपल्या मुलांचा नवज्योत विधी केला, त्याबद्दल त्यांच्या पक्षाने त्यांच्यावर ठपका ठेवला.

अखेरची वर्षे

१९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या उमेदवाराकडून त्यांचा पराभव झाला. त्यानंतर ते संसदेत परतले नाहीत. १९३६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. सरे परगण्यातील ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे.