शिलेदारी आणि बोजा : जुन्नरच्या रस्त्यावरील मोटारसायकल

मराठी राज्याच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. शिवकालीन व्यवस्थेत पागेचे बळ अधिक मानले जाई, कारण बारगीर सर्वस्वी राज्याचा असे. शिलेदाराची ऐट मात्र निराळी. घोडा मेला तर नुकसान त्याचे, आणि घोडा दौडला तर वाऱ्याचा पहिला झोतही त्याचाच. हे दोन्ही शब्द आपल्याकडे परभाषेतून आले. शिलेदाराच्या मुळाशी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र आहे, तर बारगिराच्या मुळाशी फारसी ‘बार’, म्हणजे ओझे. ओझे उचलणारा तो बारगीर. मूळचा हा शब्द ओझ्याच्या जनावरालाही लावला जाई.

हा भाषिक तपशील आज आठवण्याचे कारण ऐतिहासिक नाही, अगदी वर्तमानातले आहे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावर ओतूरच्या पुढे डिंगोरे लागते. आता राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणून नोंदलेल्या, पूर्वी २२२ क्रमांक मिरवणाऱ्या या रस्त्याने माळशेजकडे जाणाऱ्या मोटारसायकलींत एक विशिष्ट जात अलीकडे नजरेत भरते : टाकीवर ओणवा झालेला स्वार, खाली घेतलेले हँडल, उंच उचललेली मागची सीट आणि तीनशे-चारशे सीसीचे इंजिन. तिच्यावर दुधाच्या किटल्या लटकवता येत नाहीत, चाऱ्याचा भारा बांधता येत नाही, आणि मागे म्हातारीला बसवून दवाखान्यात नेणे हे दोघांच्याही जिवावर येते. शेतीवर जगणाऱ्या गावातला तरुण ओझे न वाहणारे वाहन वर्षानुवर्षे मनात धरून का बसतो, या प्रश्नाचे उत्तर ‘चैन’ या एका शब्दात देऊन टाकण्याची आपल्याला घाई असते. मला वाटते, ते उत्तर बारगीर आणि शिलेदार यांच्यामधल्या अंतरात शोधावे.

घोडा आणि हा प्रदेश यांचे नाते जुने आहे. डिंगोऱ्याच्या पश्चिमेकडे असलेल्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. त्यात अश्वमेधांचा आणि दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणांचा उल्लेख येतो. पुढे सतराव्या शतकात जुन्नर हे मोगलांचे संपन्न ठाणे असताना, १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी त्यावर छापा घातला. त्या लुटीत रोकड होती, कापड होते, आणि घोडेही होते. नव्या राज्याला रोकडीइतकीच घोड्यांची निकड होती. सभासदाच्या बखरीतील घोडदळाची रचना वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि त्यांच्यासोबत एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे घोड्याबरोबर त्याचे पाणी आणि त्याची डागडुजीही हिशेबात धरलेली होती. वाहन कधीच एकटे येत नाही, ते आपला खर्च सोबत घेऊन येते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण महाराष्ट्रात आलेली मोटारसायकल बहुतांशी बारगिराची होती. मद्रासला १९५५ मध्ये एन्फिल्डचा कारखाना उभा राहिला आणि बुलेट लष्कराच्या व पोलिसांच्या ताफ्यात दिसू लागली. खेड्याला ती पहिल्यांदा दिसली ती बहुधा फौजदाराच्या बुडाखाली. खाजगी मालकीची ‘फटफटी’ आली तीही ओझे वाहण्यासाठीच. राजदूत १७५ दूधवाल्यांची झाली. १९७२ साली किनेटिकची लुना आली. तिचा कारखाना याच रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, नगरला होता. पन्नास सीसीच्या त्या गाडीने शिक्षक, पोस्टमन, एजंट अशा कितीएक माणसांना पायडलच्या शापातून सोडवले. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण लुनाचे स्वप्न पडले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. लुना गरज होती, आणि गरजेला स्वप्नाची पायरी चढावी लागत नाही.

स्वप्नाला तर सरकारी कागदावरच मर्यादा होती. स्कूटरच्या वितरणावर आणि विक्रीवर १९६० च्या आदेशाने नियंत्रण आले. परवान्याबाहेर उत्पादन करण्याची मुभा नव्हती. मागणी वाढत राहिली आणि बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात दाराशी येते, ही त्या काळची थट्टा फारशी अतिशयोक्त नव्हती. १९८२ मध्ये धोरण सैल झाले, तेव्हाही परकीय सहकार्याचे दार उघडले ते शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी. त्या दारातून इंड-सुझुकी, हिरो होंडा, कावासाकी बजाज आणि यामाहा आरएक्स १०० आत आल्या. शंभर सीसीपर्यंतची गाडी ही देशाची गरज, त्यापलीकडची हौस, अशी ही आखणी होती. एखाद्या नागरिकाने किती वेगाची इच्छा बाळगावी याचे माप राज्यसंस्थेने सिलिंडरच्या घनफळात ठरवले होते, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

या आखणीला छेद देणारी एक गाडी १९८३ मध्ये आली. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती ‘राजदूत ३५०’ या नावाने बाजारात आणली : ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पहिल्या रूपात सुमारे तीस अश्वशक्ती. मूळ जपानी गाडीपेक्षा ही शक्ती कमी होती, तरी तेव्हाच्या भारतीय रस्त्यावर तिला जोड नव्हती. ती चालली नाही. पेट्रोल फार पिते, सुटे भाग महाग, दुरुस्त करणारा हात सापडत नाही, अशा तक्रारी झाल्या आणि दशक सरता सरता उत्पादन थांबले. सभासदाच्या भाषेत सांगायचे तर घोडा आला, पण पखालजी आणि नालबंद आले नाहीत. मात्र अपयशी ठरलेल्या या गाडीने एक गोष्ट करून ठेवली. ओझे वाहण्याशी ज्याचा संबंध नाही असे वाहनही असू शकते, ही कल्पना तिने एका पिढीच्या मनात सोडून दिली. जी गाडी मोजक्यांनाच मिळाली, तिच्याविषयी बोलणारे मात्र असंख्य झाले.

१९९१ नंतर परवाने गेले आणि भूगोल बदलला. पुणे–नाशिक रस्त्यावरचे चाकण तोवर इतिहासाला ठाऊक होते ते संग्रामदुर्गासाठी. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या फौजेला तिथे जवळपास दोन महिने झुंजवले होते. त्याच चाकणच्या माळावर बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तिथली पल्सर, १५० व १८० सीसीच्या दोन रूपांत, बाजारात आली. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली. २००९ मध्ये बजाजच्या दुकानांतून कावासाकी निन्जा २५०आर विकली जाऊ लागली, किंमत पावणेतीन लाखांच्या घरात. २०१२ मध्ये ड्यूक २००, २०१३ मध्ये ड्यूक ३९० आणि २०१४ मध्ये आरसी ३९० आली : ३७३ सीसी, सुमारे त्रेचाळीस अश्वशक्ती, दिल्लीतील शोरूम किंमत दोन लाखांच्या थोडी वर. एका हवालदाराच्या हाताखाली पंचवीस घोडे असत; इथे एकाच स्वाराच्या उजव्या मुठीत त्रेचाळीस. आणि या गाड्या चाकणला तयार होऊन परदेशीही जात होत्या. २०२४ च्या अखेरीस केटीएम आर्थिक संकटात सापडली, तेव्हा २०२५ मध्ये तिला सावरणारा पैसाही बजाजनेच उभा केला. एकेकाळी परक्याचा परवाना मागणारा कारखानदार परक्याच्या पागेचा धनी झाला, ही घटना साधी नाही.

जुन्नरच्या तरुणाच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एवढाच, की ज्या रस्त्याने त्याचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात येतो, त्याच रस्त्यावर दक्षिणेला त्याचे स्वप्न बनते. अंतर मैलांचे उरले नव्हते. उरले ते हप्त्यांचे.

गाडी घेण्याचा विधी या भागात सर्वांना पाठ आहे. कांद्याचा भाव बरा लागला, किंवा चाकण-रांजणगावच्या कारखान्यात नोकरी कायम झाली, की घरात विषय निघतो. वडील ‘मायलेज काय?’ असे विचारतात. प्रश्न ॲव्हरेजचा असला तरी रोख ‘हिचा उपयोग काय?’ असा असतो. आई विषय पडण्याची भीती बोलून दाखवते. मग दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त धरून डाऊन पेमेंट भरले जाते. एमएच-१४ ची पाटी लागते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, टाकीवर हळदकुंकवाची बोटे उमटतात, पेढे वाटले जातात. दसऱ्याला शस्त्रांची आणि घोड्यांची पूजा करणाऱ्या समाजाला हा विधी नव्याने शिकावा लागला नाही. झेंडूची माळ घोड्याच्या गळ्यातून हँडलवर आली, इतकेच.

पहिली दौड मात्र संयमाची असते. नवे इंजिन रुळेपर्यंत, साधारण पहिले हजार किलोमीटर, ते फार पळवायचे नाही, अशी सूचना गाडीबरोबरच मिळते. ज्या वेगासाठी इतकी वर्षे काढली तो वेग हाताशी असून वापरायचा नाही. आळेफाट्याला नाशिकचा रस्ता सोडून पश्चिमेला वळावे, ओतूर मागे टाकावे, डिंगोऱ्यात ओळखीच्या पारावर क्षणभर थांबून सर्वांना गाडी दाखवावी, आणि पुढे मढ, खुबी फाटा करत, पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी पाहत माळशेजच्या तोंडापर्यंत जावे, असा हा सरळ मार्ग. नव्या बसणीने मनगटे दुखू लागतात, मान अवघडते. पण छाती टाकीला टेकते तेव्हा स्वार आणि वाहन यांच्यात फट राहत नाही, हा अनुभव लुनाने दिला नव्हता, बुलेटनेही नाही. तो देत होता घोडा. आणि ज्यांच्या घराण्यात घोडा कधीच नव्हता, किंबहुना ज्यांनी घोड्यावर बसावे हेच गावाला रुचले नसते, अशा घरांतली मुलेही आज तो अनुभव घेतात. कर्ज देणारा पगाराची स्लिप मागतो, वंशावळ मागत नाही. या एका कारणासाठी तरी या हौसेकडे तुच्छतेने पाहण्याआधी आपण थांबले पाहिजे.

थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. माळशेजमध्ये पावसाळ्यात धुके उतरते, कडे ढासळतात, धबधबे रस्त्यावर कोसळतात. उसाच्या पट्ट्यात रात्री बिबट्या आडवा येतो. जुन्नर वनविभागात दुचाकीस्वारांवर झालेले हल्ले ही ऐकीव गोष्ट नाही. हजार किलोमीटरनंतर मोकळा सोडलेला वेग या रस्त्याला पेलेलच असे नाही. पूर्वी शिलेदाराला घोडा चालवण्याची तालीम बालपणापासून मिळे. आज त्रेचाळीस अश्वशक्ती हाती देताना लागते ते शिकाऊ परवान्यानंतरचे एक जुजबी मैदानी परीक्षण. वाहन मिळण्याचा काळ आक्रसला, वाहन अंगवळणी पडण्याचा काळ तितकाच राहिला. आईची भीती जुनाट आहे असे म्हणवत नाही.

राज्यसंस्थेनेही आपले माप सोडलेले नाही. २०१७ च्या वस्तू व सेवा कर रचनेत ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर २८ टक्क्यांखेरीज ३ टक्के अधिभार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के असा कर लागू झाला. १९८२ मध्ये गरज आणि हौस यांच्यामधली रेघ शंभरावर होती, आता ती साडेतीनशेवर आहे. रेघ सरकली हे खरे, पण ती ओढणारा हात तोच आहे. पूर्वी रेघेपलीकडचे मिळतच नसे. आता मिळते, जास्त पैसे मोजून. प्रतीक्षेची जागा कर्जाने घेतली. पूर्वीची पिढी आधी थांबे आणि मग गाडी घेई. आजची आधी गाडी घेते आणि मग हप्ते फिटेपर्यंत थांबते.

आणि इथे तो जुना शब्द परत भेटतो. कर्जाने घेतलेल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर मालकाच्या नावासोबत वित्तसंस्थेचेही नाव लागते. शेतकऱ्याला ही नोंद अपरिचित नाही. सातबाऱ्यावर तिला तो ‘बोजा’ म्हणतो, आणि गाडीच्या कागदावरही बोजाच म्हणतो. ‘बार’ म्हणजे ओझे, हे आपण सुरुवातीला पाहिले. किटली, भारा, म्हातारी यांपैकी कशाचेही ओझे न घेणारी ही गाडी पहिल्या दिवसापासून कागदावर ओझे घेऊनच धावते. तिच्यावरचा स्वार दिसतो शिलेदार, आणि हप्ते फिटेपर्यंत असतो बारगीर. यात खेदाचे काही आहे असे मला वाटत नाही. स्वतःचे वाहन मिळवण्याची दुसरी वाट त्याच्यासाठी कोणी ठेवलेली नव्हती.

तीन-चार वर्षांनी शेवटचा हप्ता जातो. बँकेचा दाखला घेऊन परिवहन कार्यालयात बोजा उतरवला जातो, आणि नोंदणीपत्रावर एकट्या मालकाचे नाव उरते. खऱ्या अर्थाने गाडी त्याची होते ती त्या दिवशी. तोवर टाकीवरची हळद केव्हाच पुसली गेलेली असते, चेन-सेट एकदा बदलून झालेला असतो. त्या दिवशी चाकाखाली लिंबू कोणी ठेवत नाही आणि पेढेही वाटत नाही. वाटावेत, असे मात्र मला वाटते.