ओटीवरून मागे मागे

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि गावात जाणारी रिक्षा धरा. टॉवर, क्लासच्या पाट्या, मोबाइलची दुकानं मागे पडतात, रस्ता उल्हास नदीच्या अंगाला वळतो आणि मग कौलं दिसू लागतात. माझं मत विचाराल तर इथली जी जुनी घरं टिकली, ती कुणी जपली म्हणून नाही, स्टेशन शेजारच्या कुळगावात झालं म्हणून. बिल्डर रुळांच्या कडेकडेने आले, गावाला पोचायला त्यांना उशीर झाला.

अशा एखाद्या वाड्यात शिरा. चपला पडवीत. मात्र एक अट आहे: इथे आत जायचं म्हणजे मागे जायचं.

पडवीच्या भिंतीला ओल चढलेली दिसते. 26 जुलै 2005 ला उल्हास पात्राबाहेर आली. 2019 च्या जुलैत तिने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली, तेव्हा हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. जुन्या लोकांना पाण्याची धास्ती ठाऊक होती. जोतं उगाच कमरेइतकं उंच नाही.

पायऱ्या चढून ओटीवर या. 1956 ची सुगी आहे. कुळं खंडाचं भात घेऊन आलीत, पायली भरून ओतली जातेय, प्रत्येक मापाला आकडा मोठ्याने म्हटला जातोय. पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, मग तीन. खांबाशी टेकलेल्या म्हाताऱ्या कुळाचं लक्ष आकड्यांकडे नाही, मापावर भाताची जी रास चढते तिच्याकडे आहे. ती रास हाताने सपाट करायची की तशीच ओतायची, यावर वर्षानुवर्षं भांडणं झालेली. पुढच्या वर्षी 1 एप्रिल 1957, कृषक दिन. कूळ कायद्याने कसेल तो मालक होईल आणि या ओटीचा रुबाब उतरेल. झोपाळा तेवढा राहील. वाड्यांवर हळहळणारे लेख ही पायली सहसा विसरतात.

उंबरा ओलांडताना डोकं वाकवा, चौकट बुटकी आहे. माजघरात 1930 चालू आहे. कंदिलाची काच राखेने पुसणारी बाई तुमच्याकडे न बघता म्हणते, “बसा हो, चहा टाकते.” लांबून शिट्टी येते. जूनपासून मुंबई-पुणे डेक्कन क्वीन धावतेय, तीही विजेवर. वीज कुळगावावरून पुण्याला जाते, माजघरात मात्र रॉकेल. भिंतीतलं बळद, जमिनीत पुरलेलं उखळ, धुराने काळे पडलेले वासे, सगळं कंदिलाच्या उजेडात अर्धंमुर्धंच दिसतं.

स्वयंपाकघरातून परसात जाताना वर बघा. मंगलोरी कौलं नाहीशी झालीत. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 चा, म्हणजे तुम्ही त्याच्याही मागे आलात. आता छपरावर कुंभाराची नळीची कौलं आहेत, दरवर्षी पावसाआधी शाकारायची. 1856 साल आहे, कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी नुकतीच सुरू झालीय. पुढे खंडाळ्याचा घाट मेणा नाहीतर तट्टू करून चढायचा. घाटातून रूळ जायला 1863 उजाडेल. विहिरीवरचा गडी छातीठोकपणे सांगतो, “गाडी चार दिवसांचं खूळ आहे.”

परसाची दिंडी उघडा. कल्याणहून आलेली वाट पुढे घाटाकडे जाते. इथे घोडे बदलायचे म्हणून गावाचं हे नाव, असं गावात सांगतात. खरंखोटं सोडा, पागेतला वास तर खरा आहे: ओलं गवत, लीद, घामेजलेलं खोगीर. पागेवाला तुमच्या दमलेल्या घोड्याचा खूर उचलून बघतो, नाल सैल झालाय म्हणून तोंड वाकडं करतो आणि तांबूस घोड्याचा लगाम पुढे करतो.

“हा चावतो जरा. पण ऊन चढायच्या आत कल्याणात पोचवील.”