आजीचं माहेर आणि सालाझारचा हुकूम

माझ्या आजीचं सासर बांद्याला आणि माहेर पेडण्याला. मध्ये पत्रादेवीचा नाका. आज एसटीत बसून शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत ही वाट सरते, पण आजीच्या तरुणपणी ती दोन देशांमधली वाट होती. अलीकडे आपलं राज्य, पलीकडे पोर्तुगीजांचं. आणि पोर्तुगीजांचं म्हणजे कोणाचं, तर १९३२ पासून लिस्बनच्या खुर्चीवर घट्ट बसलेल्या सालाझारचं. आजीनं त्याचा फोटो कधी पाहिला नसावा. पण घरात कोणी फार हेका धरला की ती म्हणायची, "सालाझार झालंस काय रे?"

तिचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, पेडण्याच्या बाजूला मराठी शाळेत शिकवायचे. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर केव्हातरी मामाआजोबांच्या घरात पत्रकं यायला लागली. कोण आणून द्यायचं, कुठे दडवायचे, हे ते दर वेळी वेगळं सांगत. कधी भाताच्या कणगीत, कधी देवाच्या पेटीत. पोलिसांनी एकदा त्यांना उचलून नेलं आणि लाकडी फळीनं तळहात सुजवून परत पाठवलं, एवढं मात्र कायम असायचं. कासिमिरो मोंतेरो या पोलिसाचं नाव घेताना म्हातारपणीही त्यांचा आवाज खाली यायचा. ज्यांनी सभा घ्यायची नाही, हवं ते छापायचं नाही, आणि बोललंच तर लष्करी न्यायालयात उभं राहायचं, अशा माणसांची ती पिढी. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना तर गोव्यातून उचलून थेट पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबलं होतं.

आजीच्या आठवणीत सगळ्यांत ठळक होता तो १५ ऑगस्ट १९५५ चा दिवस. श्रावणी सोमवार होता, म्हणून तिला तो पक्का लक्षात. तिचा उपास. बाहेर पाऊस. आणि बांदा माणसांनी भरलेलं, गोव्याच्या सत्याग्रहासाठी कुठून कुठून आलेली माणसं. आजीनं आणि शेजारच्या बायकांनी उकड्या तांदळाची पेज मोठमोठ्या टोपांत रटरटत ठेवली होती, सोबत चवळीची उसळ आणि आंब्याचं लोणचं. पंजाबी पोरं पेजेकडे बघून आधी बिचकली, मग तीन तीन वाट्या प्याली. "सगळे कोणाचे तरी झील," आजी म्हणायची, "भाषा कळली नाय तरी भूक कळता."

ती पोरं हातात झेंडा घेऊन, बाकी काही न घेता, पत्रादेवीला गेली. समोरून गोळ्या आल्या. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय झेंडा धरून गोळ्या झेलत जखमी झाल्या. त्या दिवशी सगळ्या सीमेवर मिळून वीसेक माणसं गेली. संध्याकाळी उपास सोडायला आजीनं केलेलं तसंच झाकून राहिलं. पुढे कितीतरी वर्षं ती श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पेजेचं एक टोप जास्त करायची आणि वाटेनं जाणाऱ्या कोणालाही बोलवायची. का, ते विचारलेलं तिला आवडायचं नाही.

त्यानंतर दिल्लीनं सीमा बंद केली. आजोबांचा नेहरूंवरचा राग तेव्हापासूनचा. मेलेल्या पोरांचा जाब विचारायच्या ऐवजी वाट काय बंद करता, असं ते म्हणत. आजीला तर माहेरच तुटलं. भावाच्या मुलीच्या बारशाला जाता आलं नाही, आईच्या बाराव्यालाही नाही. पलीकडे हॉलंडचे बटाटे बाजारात येत असताना अलीकडची भाजी पलीकडे जात नव्हती. रात्री घड्याळं, टेरेलीन, सोनं इकडे येई आणि त्या आडवाटांनीच कधीकधी आजीला हरमलच्या मिरच्यांची पुरचुंडी पोचे. कोण आणून देई ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ही मधली वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षं आपला देश थांबला. थांबण्याची किंमत कोणी मोजली हेही विसरून चालणार नाही. नानासाहेब गोरे आग्वादच्या तुरुंगात गेले, मधू लिमयांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली, गोमंतकीय तर किती पिचले. तरी त्या वर्षांमुळेच पुढे जे सैन्य गेलं ते कोणाच्या तरी आधारानं गेलं. पलीकडची माणसं आधी स्वतः उभी राहिली होती, मार खाऊन पुन्हा उभी राहिली होती. परक्या हुकूमशहाला बळानं हटवणं कधी न्याय्य ठरतं, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हेच विचारीन, की तिथली माणसं काय म्हणताहेत, आणि किती दिवसांपासून म्हणताहेत.

डिसेंबर १९६१. बांद्यातून रात्रंदिवस लष्करी गाड्या. १७ च्या रात्री सैन्य सीमेपार झालं आणि १९ ला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वांनी शरणागती लिहून दिली. पलटणींमध्ये पॅराशूट रेजिमेंटची मराठा पलटणही होती, फोंड्याच्या वाटेनं गेलेली. आजोबा ते छाती फुगवून सांगत. पण त्या दीड दिवसातही दोन्हीकडचे मिळून पन्नासेक सैनिक गेले. आग्वादच्या किल्ल्यात अडकलेल्या कैद्यांना सोडवायला गेलेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथेच मारले गेले. सुरक्षा समितीत भारताविरुद्ध ठराव आला, सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरला. गांधींच्या देशानं शस्त्र उचललं म्हणून पाश्चात्त्य देश खवळले. त्यांतले काही देश सालाझारसोबत नाटोच्या एकाच टेबलावर बसत होते, हे आजोबांना वर्तमानपत्रातून कळलं होतं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

मामाआजोबा मात्र वेगळंच सांगायचे. १४ डिसेंबरला सालाझारचा हुकूम आला होता, शरण जायचं नाही, आठ दिवस तरी लढायचं, सैनिक एक तर जिंकलेले दिसावेत नाही तर मेलेले. तो हुकूम पाळला गेला असता तर पणजी, म्हापसा, पेडणं यांचं काय झालं असतं? काही पूल उडवले गेले, पण गावं जाळली गेली नाहीत. "गव्हर्नरान सालाझाराचां ऐकल्यान नाय, म्हणान आमची घरां ऱ्हवली," मामाआजोबा म्हणायचे. त्यांच्या तळहातांवर त्याच राजवटीचे वळ उमटले होते, तरी ते हे श्रेय मोकळेपणानं देत. आमच्या घरात विजयाच्या गोष्टी खूप झाल्या, पण ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. गोव्यात रक्त कमी सांडलं ते आपल्या सैन्याच्या शिस्तीमुळे, आणि तितकंच समोरच्या एका अधिकाऱ्यानं आपल्याच हुकूमशहाची आज्ञा मोडली म्हणून. असा माणूस पलीकडे असेलच, असं धरून कोणीही कुठेही फौज घुसवू नये.

पेडण्याला मामाआजोबांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. तिथली बाय नाताळात आम्हाला नेवऱ्या आणि दोदोल पाठवायची. तिचा मोठा मुलगा सरकारी नोकरीत होता, तो लिस्बनला गेला तो तिकडचाच झाला. १९ डिसेंबरला मामाआजोबांच्या घरी पेढे आणि तिच्या घरी रडणं, मध्ये एक कुडाची भिंत. तिचा दीर युगांडात, कंपालाला नोकरी करायचा. १९७२ मध्ये तिथल्या हुकूमशहानं, इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं तेव्हा तो एका ट्रंकेसह परतला. अमीननं टांझानियावर हल्ला केला, मग टांझानियाच्या फौजेनं १९७९ च्या एप्रिलमध्ये कंपाला घेतलं. तो दिवस त्यानं काजूची फेणी वाटून साजरा केला, पण पुढे तिथे सत्तेवर आलेल्या ओबोटेंच्या काळात कत्तली सुरूच राहिल्या आणि तो बातम्या लावायचाच बंद झाला. अमीनला हटवणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण हुकूमशहा गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोण, याचं उत्तर फौजेच्या खिशात नसतं. २००३ मध्ये अमेरिकेनं बगदाद घेतलं तेव्हा कारण सांगितलं होतं महासंहारक शस्त्रांचं. ती सापडली नाहीत, आणि सद्दामचा पुतळा पाडल्यानंतरची वर्षं इराकी घरांनी प्रेतं मोजत काढली. गोव्याचं नाव घेऊन त्या युद्धाची पाठराखण करणारी माणसं मला भेटली आहेत. मला ते मान्य नाही.

गोव्यात पुढे निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, यावर लोकांचा कौल घेतला गेला. आजोबा विलीनीकरणवाले, मामाआजोबाही. दोघं हरले. आजोबा आठ दिवस जेवताना बोलले नाहीत. पण माणसांना विचारलं गेलं आणि त्यांनी दिलेलं उत्तर दिल्लीनं मानलं, याचा मला आज अभिमान वाटतो. भारतात यायचं का, हा प्रश्न मात्र कोणी गोव्याला मतपेटीतून विचारला नाही. तो विचारायला हवा होता असं मला वाटतं, उत्तर होच आलं असतं तरीही.

आणि फौज सगळीकडे पोचत नाही. गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे १९५५ पासून कैदेत होते. गोवा मुक्त झाला तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात, आणि सुटले थेट १९६९ मध्ये, सुधीर फडके आणि इतरांनी इकडे वर्षानुवर्षं खटपट केल्यावर. सालाझार १९७० मध्ये वारला, त्याची राजवट त्याच्यानंतरही चालली. ती पाडली ती पोर्तुगालच्याच सैनिकांनी, २५ एप्रिल १९७४ ला, लोक बंदुकांच्या नळ्यांत लाल फुलं खोचत असताना. त्या सालाच्या शेवटी पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं.

वासालो ई सिल्वांना शरणागतीबद्दल सैन्यातून काढून टाकलं होतं. नव्या सरकारनं त्यांना हुद्दा परत दिला, आणि १९८० मध्ये ते गोव्याला येऊनही गेले. मामाआजोबांना ते नंतर कळलं, तेव्हा ते हळहळले. आधी कळतं तर घरी जेवायला बोलावलं असतं, म्हणाले. आजी तेव्हा बांद्याहून तिकडे राहायला गेलेली होती. तिनं लगेच विचारलं, तो मासे खातो का, आणि तिखट सोसतं का त्याला.