आजीव सभासदांची शाळा

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची थोरवी सांगताना आपण चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे अशी नावे घेतो आणि तिथेच थांबतो. पण १८८० साली निघालेल्या या शाळेचे १८८२ हे वर्ष पाहावे. मार्चमध्ये चिपळूणकर वारले. पुढे कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. वर्षभरात तीन खांब हलले, तरी वर्ग भरत राहिले; १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. केवळ थोर माणसांवर उभी असलेली शाळा अशा वर्षात बसली असती. ही तगली, कारण तिचे शिक्षक कुणाचे नोकर नव्हते. पुढे आजीव सभासद म्हणून रूढ झालेली त्यांची रीत अशी: वीस वर्षे शिकवण्याचे वचन, दरमहा ७५ रुपये आणि कारभाराचे निर्णय आपसांत. मुख्याध्यापक वामन शिवराम आपटे हे संस्कृत रचनेचे पाठ्यपुस्तक आणि पुढे कोशही रचणारे शिक्षक. जो शिकवतो तोच शाळा चालवतो, म्हटल्यावर वर्गात काय अडते हे वरिष्ठांना कळवावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकांच्या याच बरोबरीने भांडणे लावली आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. खरे आहे. पण वाद होता तो या रीतीच्याच अर्थाचा: सभासदाने बाहेर कमाई करावी का, बाहेरची कामे अंगावर घ्यावीत का. टिळकांना जेझुइट धर्मगुरूंसारखा निःसंग त्याग हवा होता, इतरांना तो झेपणारा वाटत नव्हता. कुणा मालकाने कुणाला काढले नाही. बहुमत वेगळे पडले. मतभेद इतका कडवट होऊनही आपट्यांनंतर आगरकर कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १८९५ मध्ये तेही गेल्यावर दुसरे आजीव सभासद गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत शिकवत राहिले.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. या शाळेत येणारी मुले बहुतेक पांढरपेशा ब्राह्मण घरांतली. घरी अक्षरओळख आणि पुस्तके असलेल्या मुलांच्या यशाचे श्रेय शिक्षकांच्या रीतीला किती द्यायचे? पुरते देता येत नाही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतही आजीव सेवकच होते, आणि मुले शेतकऱ्यांची, मजुरांची, अस्पृश्य मानलेल्या जातींची होती. तिथे ही रीत एकटी पुरली नसती. म्हणून १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले, श्रम करून शिकण्याची सोय झाली, शिक्षक घडवण्यासाठी संस्थेने स्वतःचे ट्रेनिंग कॉलेज काढले. पुण्यात मुलाला घराने आधीच जे दिलेले होते, ते साताऱ्यात शिक्षकांना आणि वसतिगृहाला मिळून द्यावे लागले.