मनाची जखम आणि जुनें दफ्तर : महादजी शिंदे यांच्या एका स्वप्नाविषयीं

(१)

लढाईंत पडलेल्या व जखमी झालेल्या लोकांच्या नोंदी आपल्या जुन्या दफ्तरांत पदोपदीं आढळतात. कोण कामास आला, कोणाचा हात गेला, कोणाची घोडी पडली, कोणास काय दिलें, हें कारकुनांनीं मोठ्या दक्षतेनें लिहून ठेविलें आहे. परंतु घाव भरला, माणूस घरीं परतला आणि तरीहि ज्याच्या मनांतील लढाई थांबली नाहीं, त्याची नोंद कोणत्या सदराखालीं पाहावयाची? अशा माणसास झोपेंत तीच रणभूमि दिसते, लहानशा आवाजानें तो दचकतो, आप्तमंडळींत बसूनहि एकटा राहतो. आधुनिक वैद्यक या विकारास आघातोत्तर ताणविकार म्हणतें. पहिलें महायुद्ध चालू असतां, इ. स. १९१५ मध्यें, चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरानें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत 'शेल शॉक' या नांवानें त्याची चर्चा केली, आणि इ. स. १९८० मध्यें अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या विकारसूचींत त्यास आजच्या नांवानें स्थान दिलें. नांव अर्वाचीन असलें तरी विकार जुना आहे, हें मराठ्यांच्या इतिहासांतील एका उदाहरणावरून दाखवावें, आणि अशा प्रकारचे कागद कोठें शोधावे याची दिशा संग्राहकांस सुचवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखकाचा निवास बीड जिल्ह्यांत, नारायणगडच्या परिसरांत आहे. पुढें ज्या पुरुषाचें उदाहरण घ्यावयाचें आहे त्याचा गुरु याच बीडचा; त्यामुळें हा विषय आमच्या अंगणांतलाच म्हणावयाचा.

(२)

पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवशीं झाली. शिंद्यांच्या घराण्यावर त्यापूर्वींच एकामागून एक घाले पडले होते. जयाप्पा इ. स. १७५५ मध्यें नागोरास मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजीं बुराडीच्या घाटावर पडला. पानिपतानें जनकोजीस नेलें. राणोजीच्या वंशांतील कर्ता पुरुष असा महादजी तेवढा वांचला, आणि तोहि जन्माचा लंगडा होऊन.

तो कसा वांचला हें सर जॉन माल्कम यानें इ. स. १८२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथांत दिलें आहे. रणांतून निघालेल्या महादजीच्या पाठीस एक अफगाण स्वार लागला. महादजीची दक्षिणी घोडी उमदी व वेगाची; अफगाणाचें जनावर बोजड व संथ. महादजी अंतर वाढवी, घोडीस विसांवा देण्यास थांबे, आणि मागें पाही तों तो स्वार आपल्या त्याच चालीनें येतच असे. अखेर घोडी थकून खाचेंत पडली. अफगाणानें गांठून गुडघ्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला, अंगावरील दागिने काढून घेतले, आणि त्यास तसाच टाकून तो चालता झाला. पुढें राणेखान नांवाच्या भिस्त्यानें महादजीस उचलून आपल्या बैलावर घातलें व दक्षिणेकडे आणलें.

ही हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु माल्कमनें तिच्या शेवटीं जें एक वाक्य जोडलें आहे त्याकडे आमच्या लेखकांचें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. त्याचा आशय असा कीं, या प्रसंगाचा ठसा महादजीच्या मनावर इतका खोल उमटला होता कीं, पुढें पुष्कळ काळपर्यंत झोंप लागली म्हणजे तो अफगाण व त्याचें तें बोजड घोडें आपल्या मागून पावलें टाकीत येत आहे असें त्यास दिसे.

(३)

हें प्रमाण कितपत भरंवशाचें आहे? माल्कमनें हें स्वतः महादजीच्या तोंडून ऐकलेलें नाहीं. महादजी हें वरचेवर पामरसाहेबास सांगत असे, असें तो म्हणतो. विल्यम पामर हा इंग्रजांतर्फे शिंद्यांच्या दरबारीं वकील होता. म्हणजे प्रमाण एका हातावरचें आहे. त्यांत बनावट करण्याचें कारण दोघांसहि दिसत नाहीं. जो पुरुष उत्तर हिंदुस्थानचा सूत्रधार होता, त्याच्या भीतीची गोष्ट रचून पामरास कोणता लाभ व्हावयाचा होता? शिवाय तपशील पाहावा. पाठीस लागणाऱ्या घोड्याच्या चालीचें वर्णन हें घोड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचें आहे. लेखणीबहाद्दराच्या कल्पनेंत तें सहसा येणार नाहीं. तेव्हां ही गोष्ट ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. एवढ्या आधारावर महादजीस रोगी ठरविणें शास्त्रास व इतिहासास दोहोंसहि सोडून होईल. त्याच महादजीनें इ. स. १७७१ मध्यें दिल्लीवर मराठ्यांचा अंमल पुन्हां बसविण्यांत पुढाकार घेतला, इ. स. १७७२ च्या आरंभीं बादशाह शाहआलम यास तख्तावर आणून बसविलें, आणि इ. स. १७८४ मध्यें पेशव्यांच्या नांवें वकील-इ-मुत्लकी मिळविली. आपण म्हणावयाचें तें इतकेंच कीं, आज ज्यास त्या विकाराचें मुख्य लक्षण समजतात तें एका थोर मराठा सेनापतीनें स्वतःच्या तोंडानें सांगितलें आहे; आणि असें लक्षण असतांहि मनुष्य मोठें कार्य करूं शकतो. या लक्षणास भ्याडपणा समजणाऱ्यांस हें उत्तर पुरेसें आहे.

पानिपताहून परतलेल्या दुसऱ्या एका पुरुषानेंहि आपली कथा लिहून ठेविली. नाना फडणीस त्या वेळीं अठरा वर्षें पुरीं करून एकोणिसाव्या वर्षांत होता. रणांतून पळ, उपासमार, पायीं प्रवास व आईची कायमची ताटातूट यांचें वर्णन त्याच्या आत्मचरित्रांत आहे. त्याचें पुढील चरित्र राजकारणानें भरलेलें आहे. तथापि स्वतःविषयीं त्यानें सविस्तर लिहिलें तें मुख्यतः या काळापर्यंतचेंच, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

(४)

आतां सरकारी मदतीकडे वळूं. या बाबतींत मराठी राज्य उदासीन नव्हतें. अफझलखानाच्या प्रसंगानंतर (इ. स. १६५९) शिवाजी महाराजांनीं काय व्यवस्था केली हें कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत दिलें आहे. कामास आलेल्यांच्या मुलांचें चालविलें. पुत्र नसेल तेथें बायकोस निमें वेतन करून दिलें. आणि जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत रक्कम दिली. पेशवाईंत मृत शिपायांच्या मुलांसाठीं 'बालपरवेशी' हें सदरच होतें, आणि तें दफ्तराशीं परिचय असणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. या व्यवस्थेचें मूळ फार जुनें आहे. कौटिल्यानें सेवेंत मरण आलेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन द्यावें असें सांगितलें असून, युद्धाच्या वेळीं शस्त्रें, औषधें, तेलें व बंधनवस्त्रें घेतलेले वैद्य सैन्याच्या मागें उभे असावे असेंहि लिहिलें आहे.

'जखम पाहून' हा सभासदानें सांगितलेला निकष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जी जखम पाहतां येते तिचें मोल ठरतें. जी पाहतां येत नाहीं तिला होन नाहींत. महादजीचा गुडघा सर्वांस दिसला. त्याचें स्वप्न एका परदेशी वकिलानें कान दिला म्हणून कागदावर आलें. सामान्य शिलेदाराचें वा बारगिराचें स्वप्न कोण लिहून ठेवणार?

(५)

आमचें वैद्यक या बाबतींत दफ्तरापेक्षां अधिक डोळस होतें. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यानें हें सांगितलेंच पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांतील उन्मादप्रतिषेधाच्या अध्यायांत वातादि दोषांहून निराळा असा मानसदुःखानें होणारा उन्माद सांगितला आहे. त्याच्या कारणांत चोर, राजपुरुष व शत्रु यांनीं घातलेला धाक, आणि धनाचा व बांधवांचा नाश हीं स्पष्ट गणलीं आहेत. शत्रूचें भय आणि बांधवांचा नाश हीं दोन्ही कारणें पानिपतच्या माणसावर एकाच दिवशीं कोसळलीं होतीं.

उपचारांत मात्र दोन धारा दिसतात. चरकानें उन्मादचिकित्सेंत सुहृदानें धर्म व अर्थ यांस धरून असलेल्या शब्दांनीं रोग्यास धीर द्यावा असें सांगितलें आहे. तसेंच दांत काढलेले सर्प, शिकविलेले सिंह वा हत्ती आणि राजपुरुषांचा धाक यांनीं त्यास भिवविण्याचाहि प्रकार दिला आहे. मुळांत भयानें पीडलेल्या शिपायास असा दुसरा उपाय घातकच व्हावयाचा. आजच्या वैद्यकानें पहिल्या धारेसारखाच मार्ग घेतला असून तो शिस्तबद्ध केला आहे. तयार चिकित्सकाच्या साहाय्यानें रोगी त्या भयंकर प्रसंगाची आठवण सुरक्षित ठिकाणीं, थोडी थोडी करून, पुन्हां पुन्हां सांगतो. टाळलेल्या गोष्टींस हळूहळू सामोरा जातो. अशानें आठवणीची धार बोथट होते. एडना फोआ या विदुषीची पद्धति या तत्त्वावर उभी आहे. फ्रान्सिन शापिरो हिनें इ. स. १९८९ मध्यें मांडलेल्या दुसऱ्या पद्धतींत, प्रसंग आठवीत असतां रोग्याची दृष्टि चिकित्सकाच्या बोटामागें डावी-उजवीकडे फिरविली जाते. सर्ट्रालीन व पॅरॉक्सेटीन हीं औषधेंहि देतात.

(६)

महादजी बीडच्या मनसूरशाह या साधूस गुरु मानीत असे, आणि शिंदे घराण्यानें ती भक्ति पुढेंहि चालविली. मनसूरशाहाचा दर्गा बीड शहरांत आहे. महादजीनें भक्तिपर पदेंहि रचलीं. राणेखान भिस्त्यास तर त्यानें भाऊ म्हटलें व मोठ्या सरदारीस चढविलें. 'राणेखानभाई' हें नांव त्या काळच्या पत्रांत येतें. गुरुभक्तीनें त्याचें स्वप्न थांबलें असें म्हणणें हा नुसता पौर्वापर्यावरून कार्यकारणभाव कल्पिणें होय, व तें आम्ही म्हणत नाहीं. तथापि त्या रात्रीं ज्यानें उचललें त्यास जन्मभर जवळ ठेवणें, गुरुपाशीं मन मोकळें करण्यास जागा असणें, आणि घडलें तें विश्वासाच्या माणसास वारंवार सांगणें, या तीन गोष्टी महादजीजवळ होत्या, एवढें कागदांवरून सिद्ध आहे.

सामान्य शिपायास गुरु व आसरा कोठें मिळे? बीडचा मुलूख फौजांच्या वाटेवरचा. गोदाकांठीं राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ रोजीं, म्हणजे पानिपतानंतर अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळानें झाली. खर्ड्याची ११ मार्च १७९५ रोजीं, या जिल्ह्याच्या सीमेलगत. याच मुलखांत नगद नारायणाचें हें स्थान आहे. लोक त्यास धाकटी पंढरी म्हणतात, आणि एकादशीस दिंड्या येथें चढतात. अशा गडावर, मठांत वा दर्ग्यांत आलेल्यास जात-हुद्दा न विचारतां पंगतीस बसवितात, कांहीं सेवा सांगतात आणि रात्रीं भजनांत सामील करून घेतात. ज्यास एकटेपणा खातो त्यास याहून निकट साहाय्य त्या काळीं दुसरें क्वचितच लाभलें असेल. हा तर्क आहे; त्यास कागदांची जोड देणें हें संग्राहकांचें काम आहे.

(७)

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. रुमाल सोडतांना आपण सनदा, शिक्के व तहनामे तेवढे वेगळे काढतों. बाकीचे चिटोरे वाण्याकडे जातात. यापुढें 'वेड लागलें', 'भ्रम झाला', 'बैरागी होऊन गेला', 'चाकरीस उभा राहत नाहीं', 'घरीं राहत नाहीं' अशा मजकुराचे कागद टाकूं नयेत. त्यांवर गांव, पथक व साल लिहून ठेवावें, आणि त्या पथकानें त्यापूर्वीं कोणती मोहीम केली तें ताडून पाहावें. मठांच्या शिध्याच्या वह्या, वैद्यांच्या बाडांतील उन्मादाचे पाठ व वतनाच्या तंट्यांतील जबान्या यांकडेहि याच दृष्टीनें पाहावें. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींचे लोक कूत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यांत अडकले व २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथें शरणागति झाल्यावर तुर्कांच्या कैदेंत गेले. त्यांच्या घरांतील कार्डें व पेन्शनचीं पुस्तकें अजून मिळण्यासारखीं आहेत, पण फार काळ मिळणार नाहींत.

या शोधाचा उपयोग केवळ इतिहासास नाहीं. पंगु सैनिकांस धंदेशिक्षण देण्यासाठीं इ. स. १९१७ मध्यें मुंबईस क्वीन मेरी संस्था निघाली व पुढें ती खडकीस आली. मनाच्या जखमेची दाद त्या मानानें फार उशीरां लागली. सेवानिवृत्त सैनिकांची आरोग्ययोजना इ. स. २००३ पासून आहे; मानसिक आरोग्य सेवेचा कायदा इ. स. २०१७ चा, आणि सैनिक व त्यांचीं कुटुंबें यांसाठीं 'टेलि-मानस' या दूरध्वनिसेवेचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत डिसेंबर २०२३ मध्यें सुरू झाला. साधनें अशीं वाढत आहेत. परंतु खेड्यांतील वृद्ध हवालदार स्वप्न पडतें म्हणून वैद्याकडे जाण्यास लाजतो, आणि घरचे लोकहि तें झांकून ठेवितात. त्यास कोणी सांगावें कीं, पाटीलबावा महादजी शिंदे यांसहि तो स्वार झोपेंत दिसत असे, आणि तें त्यांनीं लपविलें नाहीं. असे आणखी दहा कागद सांपडले, तर त्या हवालदाराची लाज तेवढी कमी होईल.